सांगलीतला 'स्ट्रीट फायटर', खरा 'हायपर फायटिंग' आणि न निघणारा सोरुकेन

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा सांगलीचा, आता पुण्यात. १९९४-९५ ला गणपती पेठेजवळच्या पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर खेळायचो, गल्लीत बऱ्यापैकी नाव होतं. यंदा दिवाळीत मुलासाठी जुन्या गेमांचा संच घेतला आणि त्यातला 'हायपर फायटिंग' लावला. तिसऱ्या माणसाच्या पुढे जाता येईना. सोरुकेन निघत नाही, उड्या चुकतात. आणि आपल्याकडे हवेतून आडुकेन मारता यायचा, तो यात नाहीच. हा तोच गेम आहे का? की माझंच वय झालं? आणि वेगळी जॉयस्टिक घेऊ का?"

वयाचं नंतर बघू. आधी हवेतला आडुकेन, कारण सगळा घोळ तिथनं सुरू होतो. (आडुकेन म्हणजे हातातून सुटणारा गोळा, सोरुकेन म्हणजे वर उडत मारलेला ठोसा.)

१९९३ पासून मी सांगली-मिरजेतली गेमची मशीनं दुरुस्त करत आलोय. मारुती चौकापासून मिरजेच्या स्टेशनपर्यंत जिथे जिथे पार्लर होतं, तिथल्या बहुतेक मशीनांच्या पोटात माझा हात जाऊन आलाय. त्या अनुभवावर सांगतो: तुम्ही जो खेळलात तो कंपनीचा गेमच नव्हता. चोरीचा होता. तुमचा, माझा, सगळ्यांचाच.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा मूळ 'स्ट्रीट फायटर २', म्हणजे दोघांच्या मारामारीचा गेम, १९९१ चा. आठ खेळाडू आणि शेवटी चार बॉस, जे फक्त मशीनच्या हातात. १९९२ मध्ये 'चॅम्पियन एडिशन' आली. त्यात चारही बॉस आपल्याला घेता यायला लागले, आणि दोघांनाही रियू हा एकच खेळाडू घेऊन रियूविरुद्ध रियू लढता यायला लागलं. हा गेम जगभर इतका चालला की चोरांनी त्याचा प्रोग्रॅम फोडला, त्यात पाहिजे ते भरलं आणि बदललेल्या चिपा लावून बोर्ड विकायला काढले. नावाची पाटी रंगीबेरंगी, म्हणून त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रकाराला 'रेनबो एडिशन' म्हणायचे. हवेत आडुकेन, एकावर एक पाच-सहा आडुकेन, काही तर समोरच्याच्या मागे मागे जाणारे. आणि स्टार्टचं बटण दाबलं की लढता लढता खेळाडूच बदलायचा: केनचा गाईल, गाईलचा ब्लांका. आठवलं का? तुमच्या पार्लरमध्ये हाच बोर्ड होता.

मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली. एका व्यापाऱ्याने 'ओरिजिनल माल' म्हणून मला एक बोर्ड गळ्यात मारला होता. उघडून बघितलं तर चिपांवरचे कागदी लेबल हाताने लिहिलेले, आणि एका ठिकाणी तर तांब्याची पट्टी कापून वरनं वायर टाकलेली. तोपर्यंत मीही पोरांना सांगायचो, "हीच नवीन एडिशन." पोरंही खूश. पडदाभर आडुकेन म्हणजे दिवाळीच.

पण त्या गेमची मजा तीन महिन्यांत संपायची. कारण साधं आहे. खऱ्या गेममध्ये तुमचा एक आडुकेन पडद्यावर असेपर्यंत दुसरा मारता येत नाही. बघायला ही अडचण वाटते, पण सगळा खेळ या एका नियमावर उभा आहे. हळू जाणारा आडुकेन सोडला की तो पोहोचेपर्यंत तुमचे हात रिकामे. मग त्याच्या मागनं चालत पुढे जायचं, की जोराचा सोडून लगेच दुसऱ्याची तयारी ठेवायची, हा हिशेब. चोरीच्या बोर्डाने हा हिशेबच काढून टाकला होता. उरलं ते फक्त बटणं बडवणं.

या चोरीच्या बोर्डांना कॅपकॉमने जे उत्तर दिलं तेच 'स्ट्रीट फायटर २ टर्बो: हायपर फायटिंग', डिसेंबर १९९२. कंपनीच्या अमेरिकेतल्या कचेरीतला जेम्स गोडार्ड हा वेग वाढवायच्या मागे लागलेला माणूस. चोरांच्या आवृत्तीतलं लोकांना काय आवडतंय ते त्याने ओळखलं: वेग, आणि हवेत काहीतरी करता येणं. म्हणून हायपर फायटिंगमध्ये वेग वाढला आणि रियू-केनला हवेतली भिंगरी मिळाली. (पाय पसरून गोल फिरत जातात ती लाथ. आमच्याकडे सगळे भिंगरीच म्हणायचे, जपानी नाव कोणाच्या जिभेवर बसलंच नाही.) चुनलीला आडुकेनसारखा चेंडू मारता यायला लागला, आपल्या धालसिमला गायब होऊन दुसरीकडे निघता यायला लागलं, ब्लांका गोळा होऊन सरळ वर जायला लागला, होंडा उडून बुडावर आपटायला लागला. झांगीफला दुसरा, जास्त चपळ लॅरिएट (हात पसरून गोल फिरणं) मिळाला. गाईलला नवीन काही नाही. चारही बॉसना नाही. चॅम्पियन एडिशनमध्ये बायसन फारच माजला होता, त्याला उलट थोडा आवरला.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तो हा गेम नाही. तुमच्या गेमवरनं कंपनीने जो धडा घेतला, त्याचा हा गेम.

आता हात का जमत नाही. इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक लोक या ठिकाणी चुकीचं औषध घेतात. 'गेम फास्ट आहे, मग हात फास्ट चालवू' म्हणून स्टिक खडाखडा फिरवतात आणि आणखीनच बिघडतं.

हा गेम सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवतो. गेमचं घड्याळ त्या चित्रांवर चालतं: एक चित्र म्हणजे एक टिक. लाथ किती टिक बाहेर राहणार, सोरुकेनच्या दोन दिशांमध्ये किती टिक चालतील, सॉनिक बूमसाठी, म्हणजे गाईलच्या आडुकेनसाठी, मागे किती टिक दाबून धरायचं, सगळं टिकमध्ये मोजलेलं. हायपर फायटिंगमध्ये वेग आणला तो असा, की मधूनमधून गेम एक टिक पुढे जातो पण त्याचं चित्र दाखवतच नाही. हिशेब झाला, पडद्यावर आला नाही. म्हणून तुम्हाला उड्या 'चुकल्या' वाटतात. उडीचा मधला तुकडा तुमच्या डोळ्याने बघितलेलाच नसतो.

याचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही उलट दिशेला जातात. सोरुकेनला जी सवड होती ती आखडली. पण गाईलला जे मागे दाबून धरावं लागायचं, तेही खऱ्या घड्याळात कमी झालं. घड्याळच पुढे पळतंय, आणि तुमचा हात अजून तीस वर्षांपूर्वीच्या घड्याळावर चाललाय. मुलाने गाईल घेतला असेल आणि त्याचे सॉनिक बूम संपतच नाहीत असं वाटलं असेल, तर कारण हे.

मिरजेत तबला शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. गुरुजी आधी ठाय लयीत बोल बसवून घेतात, मग त्याच बोलाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय. दुगुनीत बोल बदलत नाही, हात जास्त जोरात पडत नाही, उलट हालचाल लहान होते. इथेही तसंच. सोरुकेन म्हणजे पुढे, खाली, तिरपं पुढे आणि पंच. तुम्ही जुन्या सैल स्टिकवर शिकलात, तेव्हा मनगट नाही, अख्खा कोपर फिरायचा. तुमच्या हातातला खुणेचा आकार म्हणजे मोठा झेड. तो लहान करायचाय, नखाएवढा.

मी लोकांना असं करायला सांगतो. संचात 'चॅम्पियन एडिशन' असेल तर आधी तीच लावा. रियू घ्या, आणि समोरच्याला मारायचा विचार न करता फक्त सोरुकेन काढा. दहापैकी आठ निघायला लागले की हायपर फायटिंगवर या. पहिल्या दिवशी दहापैकी तीन निघतील. चिडू नका. तीन-चार दिवसांत हात त्या लयीला लागतो. माझा स्वतःचा असाच आला, आणि माझं वय तुमच्यापेक्षा जास्त आहे. दुसरं असं की बघून मारायचं सोडा. आडुकेन बघितला मग उडी मारली, हे जुन्या वेगात चालायचं. इथे समोरचा कुठे उभा आहे त्यावरनं उडी आधी ठरवावी लागते. रियू पडद्याच्या टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला, तर उडी मारूच नका. तिथून उडी मारणारा माणूस खाली येतो तो थेट सोरुकेनवर. एक लांब पाय मारता येईल एवढं अंतर राहिलं की मग तो आडुकेन मारायच्या क्षणी उडी. 'तो मारेल' असं वाटलं की उडी. 'त्याने मारला' म्हणून नाही.

आणि हवेतली भिंगरी शिका. लोक ती मारायला वापरतात, पण तिचा खरा उपयोग पळायला आहे. कोपऱ्यात सापडलात, समोरून आडुकेनमागून आडुकेन येताहेत, तर उडी मारून हवेत भिंगरी, आणि पलीकडे. जुन्या गेममध्ये कोपरा म्हणजे समाधी होती.

पकडीबद्दल मात्र तुम्हाला वाईट बातमी द्यायची आहे. आपल्या पार्लरमध्ये नियम काय होता? "पकड बंद." हलकी लाथ मारायची, समोरच्याने अडवली की तो हलायच्या आत जवळ जाऊन उचलून आपटायचं, याला आपण चीटिंग म्हणायचो. विश्रामबागेतल्या एका पार्लरमध्ये यावरनं खुर्ची फेकलेली मी बघितली आहे, दुरुस्तीला गेलो होतो तेव्हा. मालकाने पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं: 'पकड मारणाऱ्याचे कॉइन परत मिळणार नाही'. सांगली जिल्हा म्हणजे कुस्तीची माती, कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने इथले, आणि इथल्याच पोरांनी पकडीवर बंदी घातली होती! नाद खुळा.

खरं म्हणजे पकड हा गेमचा चुकलेला भाग नाही. माणूस नुसता मागे दाबून अडवतच बसला तर त्याला उठवायचं कसं, याचं ते उत्तर आहे. तालमीत जो नुसता बचाव करतो त्याला वस्ताद काय म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच. पण हायपर फायटिंगमध्ये पकड सापडली की सुटका नाही. पडताना सावरून कमी मार खायची सोय १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'मध्ये आली, त्याआधी नाही. त्यामुळे आता अनोळखी माणसाशी नेटवर खेळलात तर तो दर दोन मिनिटाला पकडणार, आणि ते पूर्ण नियमात आहे. तुम्हीही पकडा. घरच्या घरी पोराशी खेळताना बंदी ठेवायची तर ठेवा, तो तुमच्या घरातला कायदा.

आता जे कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे ते: तुमचा टीव्ही. सोरुकेन न निघण्यात अर्धा दोष टीव्हीचा असण्याची शक्यता मी नेहमी आधी धरतो. आपल्या जुन्या मशीनमध्ये काचेची पिक्चर ट्यूब होती. बटण दाबलं की चित्र त्याच क्षणी. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र चहूबाजूंनी आक्रसायचं, केनचं डोकं गोल व्हायचं, पण उशीर व्हायचा नाही. आजचा सपाट टीव्ही चित्र घेतो, ते गुळगुळीत करतो, रंग खुलवतो, मग दाखवतो. त्यात काही टीव्ही शंभर मिलिसेकंदसुद्धा खातात. गेमची एक टिक साधारण १७ मिलिसेकंदांची. म्हणजे सहा टिका तुम्ही आधीच हरलात, आणि या गेममध्ये सहा टिका म्हणजे सोरुकेन आणि मार खाणं यातला फरक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि चालू करा. रंग थोडे फिके दिसतील, दिसू देत. कंट्रोलर वायरचा असेल तर वायर लावूनच खेळा. पुण्याहून एकाने अशीच तक्रार केली होती, त्याला फोनवर एवढंच करायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की पोरगं आता त्याच्याशी खेळायला तयार नाही.

संच कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. २०१८ चा 'थर्टिएथ अॅनिव्हर्सरी कलेक्शन' असेल तर उत्तम. त्यातल्या बारा गेमांत हायपर फायटिंग नेटवर खेळता येतो आणि सरावाचा वेगळा कप्पाही आहे. एकाच संचात हळू आणि वेगवान आवृत्त्या शेजारी शेजारी लावून बघता येतात, ते करून बघाच. १९९३ ला 'सुपर स्ट्रीट फायटर २' आला तेव्हा कॅपकॉमने चार नवे खेळाडू दिले, चित्रं-आवाज सुधारले, आणि वेग परत कमी केला. लोक नाराज झाले. पुढच्याच वर्षी वेग परत आणावा लागला. हायपर फायटिंग लावून झाल्यावर सुपर लावलात तर पाचच मिनिटांत कळेल लोक का नाराज झाले ते. चालता चालता चिखलात पाय गेल्यासारखं वाटतं. (त्या 'सुपर'च्या बोर्डात एक बॅटरी असायची. ती संपली की बोर्ड मुका. असे मेलेले बोर्ड माझ्याकडे येऊन पडायचे, आणि मालकाला पटवून द्यावं लागायचं की मी काही केलं नाही.)

हायपर फायटिंगच्या जुन्या बोर्डाला तसली भानगड नाही. म्हणूनच माझ्याकडे एक खरा बोर्ड अजून चालू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौकात शिरलं तेव्हा दुकानातलं लाकडी मशीन फुगून गेलं, ट्यूब गेली, पॉवर सप्लाय गेला. बोर्ड वरच्या फळीवर होता, तरी ओल लागलीच. पाणी ओसरल्यावर स्पिरिटने ब्रश मारून चार दिवस उन्हात ठेवला. लावला तर चालू झाला, फक्त होंडाच्या चेहऱ्याच्या जागी ठिपके येतात. ते मी तसेच ठेवलेत.

स्टिक घ्यायची का? तुम्ही स्टिकवर शिकलात, तर हो. पॅडवर अंगठ्याने तुम्हाला तो नखाएवढा झेड कधीच येणार नाही, मुलाला येईल. फार महाग घेऊ नका. एक बघा: स्टिकच्या खालच्या दांड्याभोवतीची चौकट चौकोनी आहे का. चौकोनी असेल तर कोपऱ्यात स्टिक जाऊन बसते, आणि 'तिरपं पुढे' हाताला समजतं. आणि सहा बटणं दोन ओळींत, वर तीन पंच, खाली तीन किक. चार बटणांची स्वस्तातली घेऊ नका. आपल्याकडे अशी मशीनं कमी नव्हती, ज्यांना किकच्या वायरी जोडलेल्याच नसायच्या. गेमच्या बोर्डाला जी मोठी पट्टी जोडतात तिच्यावर पंचच बसतात, किकसाठी वेगळी जोडणी लागते, आणि ती कोणी आणायचंच नाही. पोरं वर्षभर नुसत्या पंचावर खेळायची आणि म्हणायची, चुनली बेकार आहे. चुनलीचे पायच कापलेले, ती काय करणार?

म्हणून नवीन स्टिक आणली की मी जे मशीनवर करायचो ते करा. झांगीफ घ्या. तिन्ही पंच एकदम दाबा, तो हात पसरून गोल फिरला पाहिजे. मग तिन्ही किक एकदम दाबा, परत फिरला पाहिजे, या वेळी जरा चपळ. दोन्ही वेळा फिरला तर सहाही बटणं ठीक. किकवर फिरलाच नाही तर एखादं बटण मेलंय, किंवा तुम्ही चुकून चॅम्पियन एडिशन लावून बसलाय. माझ्याकडच्या पॅनेलवर जोराच्या पंचाचं बटण अजून पिवळट आहे. भडंग खाल्लेल्या हातांचं तेल आणि हळद, थिनरनेही गेलं नाही. तरी झांगीफ फिरतो.